आधी आवाज, मग वीज

भूतखेत, करणी, नजर... यातलं मी काहीही मानत नाही, हे आधीच सांगून टाकते. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. तरी हे लिहायला बसलेय. वाचा, आणि मग खुशाल वेड्यात काढा.

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसाची लाथ बसली की पाठीत भरलेली उसण जाते म्हणतात, त्यामुळे माहेरी साताऱ्याला अख्खी आळी माझ्या लाथा खायला यायची. मला काय, लाथ मारायची आणि वर लाडू घ्यायचा! पण पायाळू माणसावर वीज पडते, असंही म्हणतात. लग्न होऊन बनारसला, मंगला गौरीजवळच्या सासरी आले आणि सासूबाईंना हे कळलं. झालं! आभाळ भरून आलं की त्यांचं सुरू, "अगं, छतावर जाऊ नकोस, वीज ओढून घेशील!" मी म्हणायचे, "आई, वीज काय जन्माचा दाखला बघून पडते?" त्यावर त्या दिवसभर अबोला धरायच्या.

ही पंचवीसेक वर्षांपूर्वीची, सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमची मंजू तेव्हा चार वर्षांची होती. गंगेपलीकडे रामनगरला ह्यांच्या बँकेतल्या मित्राकडे बारसं होतं. पावसाळ्यात पिप्यांचा तरंगता पूल काढून ठेवतात, म्हणून जाता-येता नावेनंच. आश्विन लागला होता, गंगेचं पाणी उतरलं होतं. जेवण करून दुपारी परत निघालो... थेट घराजवळच्या बालाजी घाटापर्यंत, प्रवाहाबरोबर. नावेत आम्ही तिघं आणि म्हातारा मल्लाह, म्हणजे नावाडी. मंजू माझ्या मांडीवर पेंगत होती. मागे रामनगरच्या बाजूला एक काळा ढग होता, बाकी आभाळ बऱ्यापैकी मोकळं.

आणि एकदम गडगडलं. मी दचकून मंजूचे कान झाकले.

"काय झालं गं?" ह्यांनी विचारलं.

"अहो, एवढं गडगडलं... ऐकू नाही आलं?"

"कुठे? काहीच नाही. बारशाची पुरणपोळी जास्त झाली वाटतं तुला!"

मल्लाह म्हणाला, "बादल अभी दूर है, बहूजी."

मी मंजूच्या कानांवरचे हात काढले. थोड्या वेळानं मागे लखकन वीज चमकली. मग हे म्हणाले, "हं, हे बघ, आता गडगडलं." मल्लाहानंही मान वळवून मागे पाहिलं. दोघांनी ऐकलं. मला मात्र काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. माझं गडगडून झालं होतं!

वर्गात मी दरवर्षी शिकवायचे... वीज आधी दिसते, आवाज मागून येतो, कारण प्रकाश वेगानं धावतो. मधला वेळ जितका कमी तितकी वीज जवळ. आणि इथे मला आवाज आधी येत होता. पुन्हा तसंच झालं. मग पुन्हा. गडगडाट माझ्या एकटीच्या कानात, आणि नंतर वीज. मास्तरणीची खोड, मी मनात आकडे मोजायला लागले. प्रत्येक वेळी आकडा कमी भरत होता.

"अहो," मी म्हणाले, "आता चमकेल बघा." आणि चमकली. ह्यांच्या तोंडावरचं हसू गेलं. पुढच्या वेळी मी नुसता हात वर केला, आणि हात खाली यायच्या आत चमकली. मल्लाहानं वल्ही थांबवली. माझ्याकडे बघतच राहिला.

"भैयाजी," त्यानं ह्यांना हळूच विचारलं, "बहूजी उल्टी पैदा हुई हैं का?"

मी पायाळू आहे हे त्याला कुणी सांगितलं होतं? आम्ही त्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतो!

ह्यांनी उत्तर द्यायच्या आत पुढचा आवाज झाला. तसला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. तो वरून आलाच नाही... तळपायांतून शिरला आणि डोक्यापर्यंत गेला. दात वाजले माझे. मंजू शांत झोपली होती, तिला काहीही कळलं नव्हतं. मला एकच दिसत होतं, आता जी वीज येणार ती माझ्यावर येणार, आणि माझं लेकरू माझ्या मांडीवर आहे.

मी मंजूला अक्षरशः ह्यांच्या अंगावर फेकलं. "धरा तिला! माझ्याजवळ येऊ नका!" नाव डुगडुगली, मंजू किंचाळली. मी नावेच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि डोळे मिटले. मंजू "आई, आई" म्हणून हंबरडा फोडत होती आणि मी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

वीज आली नाही. पाऊस आला. धो धो, समोरचा घाट दिसेना इतका. आम्ही भिजत घाटाला लागेपर्यंत एकदाही चमकलं नाही, आणि ढग कोसळून मोकळा झाला. मल्लाहानं पैसे घेतले नाहीत, मागे न बघता नाव घेऊन गेला.

कानाच्या डॉक्टरांनी कान उत्तम असल्याचं सांगितलं. हे म्हणाले, घाबरलीस, भास झाला. असेल बाई! पण मग आधीच्या विजा मला चमकायच्या आत कशा कळल्या? त्या दिवसानंतर मला सगळ्यांसारखंच, वीज दिसल्यावर ऐकू येतं. तोच धडा मी पुढे वीस वर्षं शिकवला, चेहरा सरळ ठेवून. फक्त त्या एका आवाजाची वीज मी अजून पाहिलेली नाही. तिला यायला किती वेळ लागतो, हे कुठल्या पुस्तकात नाही. मी शोधलंय.

मागच्या आठवड्यात मंजू तिच्या लेकीला घेऊन आली होती. बाहेर गडगडायला लागलं आणि घाबरून ती चिमुरडी रांगत माझ्याकडे यायला निघाली. आजीच्या कुशीत शिरायचं होतं तिला.

"उचल तिला! मंजू, आधी उचल!" मी ओरडले.

"आई, क्या हो गया है तुम्हें? घाबरलीय गं ती, घे ना जवळ!"

नाही घेतलं. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला भिंतीला पाठ लावून उभी राहिले. पोर माझ्याकडे हात पसरून रडत होती.