विटांवरचे ओरखडे
ओल्या चिपाडाचा आंबूस वास आला की मला आष्ट्याच्या आमच्या अंगणातली ती सकाळ आठवते. कॉलेजच्या प्रकल्पासाठी मला एसटी स्टँडवर मांडायची एक छोटी भिंत करायची होती, सिमेंटशिवाय, बुरशीनं घट्ट होणाऱ्या विटांची. उसाच्या चिपाडात आळिंबीचं बियाणं मिसळून मी ते साच्यांत भरून घरी ठेवलं होतं. स्टँडसाठी कुणाचं काम घ्यायचं, ती निवड करायला कॉलेजचे सर त्या दुपारी घरी येणार होते. मी सकाळी सांगलीहून घरी पोचलो, तर विटा उन्हात पडलेल्या आणि वरचा पांढरा थर खरवडून काढलेला. "आरं, सगळ्याला बुरा आल्ता. खराटा मारला आन् परवापासनं वाळत घातल्यात," आई म्हणाली. "अगं, तो बुराच पायजे हुता!" मी रडकुंडीला आलो. "मग आधी सांगायचं न्हाई व्हय?" सरांनी आल्यावर वीट ठोकून पाहिली, ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आतून बुरशी पक्की धरलीय आणि छान वाळल्यात. आणि ही नक्षी नांगरटीसारखी दिसते, कशी सुचली तुला?" मी खाली वाकून विटा ओळीनं लावू लागलो. दारात उभी असलेली आई चहा टाकायला आत गेली. माझी निवड झाली. तिनं काम बिघडवलं की पुरं केलं, ते मला अजून नीट कळत नाही. परवा स्टँडवर तिनं भिंतीखालची पाटी मला मोठ्यानं वाचायला लावली. "तुझंच नाव हाय न्हवं? मग झालं," असं म्हणून ती ओरखड्यांतली धूळ पदरानं पुसू लागली.