अण्णांचा रिसीव्हर आणि माझे चार स्पीकर

आमचे वडील, अण्णा, एक महिना माझ्याकडे लातूरला आणि एक महिना धाकट्या भावाकडे नांदेडला राहतात. आई गेल्यावर आम्ही दोघांनी तसं ठरवून घेतलं. त्यांच्याबरोबर त्यांचा जुना रिसीव्हरही फिरतो. स्पीकरना आवाज पुरवणारं ते जड खोकं आम्ही सोलापुरी चादरीत गुंडाळून देतो आणि एसटीत मांडीवर धरून ते आणतात. स्पीकर मात्र ज्याच्या त्याच्या घरचे.

भावाकडे दोन स्पीकर आहेत. म्हणून या खेपेला मी आणखी दोन आणले आणि रिसीव्हरला एकूण चार जोडले. धाकट्याची जिरवायची, एवढाच हेतू. अण्णांना कमी ऐकू येतं, त्यामुळे आवाज मोठा. सीडीवरचं भजन सुरू झालं आणि थोड्याच वेळात बुवांचा गळा फाटल्यासारखा वाटू लागला.

"नांदेडात असं न्हाई होत," अण्णा म्हणाले.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. भात नांदेडात मऊ होतो, झोप नांदेडात लागते, सून नांदेडातली हळू बोलते. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, पण पोटच्या पोरांत डावं-उजवं करायला कधी चुकला नाही.

मी इरेला पेटलो. वायरी बदलल्या. डावीकडचे स्पीकर उजवीकडे लावून पाहिले. सीडी प्लेअर काढून मोबाईल जोडला. आवाजाच्या बटणात धूळ काढायचा स्प्रे मारला. हळू ठेवलं की ठीक, वाढवलं की पुन्हा तीच खरखर, आणि खोक्यावर हात ठेववेना इतकं ते तापलेलं. भावानंच आदळआपट करून पाठवलं असणार, असं म्हणत मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

चौथ्या दिवशी अण्णांनी पिशवी भरायला घेतली. "मी नांदेडातच राहतो आता. कायमचा."

लोक काय म्हणतील हे माझ्या मनात आधी आलं, बाप जाईल हे नंतर. खोटं कशाला बोलू?

अण्णा देवळात गेल्यावर मी गल्लीच्या तोंडाशी रेडिओ दुरुस्तीचं दुकान असलेल्या चाचांना घरी आणलं. त्यांनी खोकं उघडलंसुद्धा नाही. मागं वाकून बघितलं आणि हसले.

"साहेब, मशीन बिलकुल बराबर हाय. दोनाच्या जागी चार जोडून राहिले तुम्ही. जुनी हाय ती, लई लोड होतो."

त्यांनी नव्या स्पीकरच्या वायरी सोडवल्या आणि बुवांचा गळा मोकळा झाला.

चाचा गेले आणि अण्णा आले. दारातच ऐकत उभे राहिले. "काय झालं होतं रे?"

सुटलेल्या वायरी मी पायानं सोफ्याखाली सारल्या. "आतली जोडणी निघाली होती. नांदेडाहून नीट गुंडाळून दिलाच न्हाई त्यानं."

तेवढ्यावर माझं समाधान होईना. त्यांच्यादेखत भावाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि तोंडाला येईल ते बोललो. तो भांडेल असं वाटलं होतं. मला भांडण हवंच होतं.

"चुकलं असंल माझं, दादा," तो म्हणाला. "अण्णांना म्हणावं, रागवू नका. आता नीट वाजून राहिलाय ना?"

अण्णांनी भरलेली पिशवी रिकामी केली, चादरीची घडी कपाटात ठेवली आणि म्हणाले, "त्याला लहानपणापासूनच वस्तूची कदर न्हाई. मी इथंच बरा."

फोन चालूच होता. मी मुद्दाम तोडला नव्हता.