साडेसात फुटांवरची तार

अकोल्याला माझ्या धाकट्या बहिणीच्या अंगणात मी एक तार ओढली होती. त्या तारेने ती मेली असती. तार ओढणारा दुसरा कोणी असता तर त्याला मी काय म्हटले असते, ते मला ठाऊक आहे. म्हणून हे लिहून ठेवतो.

विजेच्या खात्यात मी चौतीस वर्षे काढली. वायरमन म्हणून लागलो, फोरमन म्हणून निवृत्त झालो. माझ्या हाताखालचा एकही माणूस तारेवर जिवानिशी गेला नाही, हे मी चारचौघांत सांगत असे. आता सांगत नाही.

बहिणीला टीव्हीची छत्री बसवायची होती. तिचे यजमान वारलेले. मुलगा नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात कामाला, तो शनिवारी घरी येतो. सून महाविद्यालयात शिकवते. दिवसभर घरात बहीण एकटी, आणि टीव्ही हीच तिची सोबत. छत्रीला आग्नेयेचे आकाश मोकळे लागते. घराच्या त्या बाजूला कडुनिंब आहे आणि त्याची फांदीही तोडू द्यायला ती तयार नव्हती. तेव्हा छत्री अंगणापलीकडच्या न्हाणीघराच्या स्लॅबवर बसवायची आणि केबल अंगणावरून घरात आणायची, असे ठरले. काम करणारा मुलगा दुकानातून येणार होता. मी त्याला येऊ दिले नाही. जानेवारीतल्या एका सकाळी अमरावतीहून माझी हत्यारांची पिशवी घेऊन मीच गेलो.

केबल जमिनीखालून न्यावी हे उत्तम. पण अकोल्याची माती काळी आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि पुरलेल्या पाइपाचे सांधे उकलते. म्हणून मी वरून नेण्याचे ठरवले. केबलला स्वतःचा भार पेलवत नाही. तिच्यासाठी आधी जस्त चढवलेली लोखंडी तार ताणून घेतली आणि वीत-वीत अंतरावर केबल तिला बांधली. खिळा कुठेही मारला नाही. घरात येणारी विजेची लाइन दुसऱ्या भिंतीवरून जाते, तिच्यापासून पुरेसे अंतर ठेवले. खिडकीशी केबलला खाली झोल दिला, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून आत न येता तिथेच गळून जाईल. छत्रीच्या नळीसाठी कोळसा आणि मीठ घालून अर्थिंगचा खड्डा केला. तार जमिनीपासून साडेसात फुटांवर ठेवली, कोणाचा हात पोचू नये म्हणून.

बहीण ओट्यावर तूर निवडत बसली होती. मी टेपने तिसऱ्यांदा उंची मोजली तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, मांडव टाकून राहिला का? लग्न कोनाचं हाये?"

या तारेवर कपडे वाळत घालायचे नाहीत, असे मी तिला बजावले. आपल्या अंगणांत रिकामी तार बाईला पाहवत नाही, हे मला माहीत होते. तिने मान हलवली. ती मान कशी हलली, ते मी पाहायला हवे होते.

तारेचे पलीकडचे टोक मी न्हाणीघराजवळच्या सागाच्या खांबाला बांधले. अलीकडचे टोक खिडकीच्या लोखंडी गजांना. त्या गजांपर्यंत हात पोचावा म्हणून भिंतीशी पडलेली एक लोखंडी घोडी ओढून घेतली आणि तिच्यावर उभा राहिलो. ती कूलरची घोडी होती. कूलर तेव्हा पोत्यांत गुंडाळून न्हाणीघराच्या बाजूला ठेवलेला होता. येता-जाता मी त्याला वळसा घालत होतो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. विजेचा खांब कलू नये म्हणून त्याला तिरपी तार बांधून जमिनीशी जखडतात. तिला आम्ही ताण म्हणतो. त्या ताणाच्या मध्ये चिनी मातीचे एक अंडे घालतात. वर काही बिघडून ताणात वीज उतरली तर ती अंड्यापाशी थांबते, खाली येत नाही. ताणात वीज असणे अपेक्षित नसते. अंडे अनपेक्षितासाठी असते. चौतीस वर्षांत कामाची पाहणी करताना मी माणसांना एकच शब्द विचारत आलो. "अंडं?" त्यांनी बोट दाखवायचे. बोट दाखवता आले नाही तर ताण सोडायचा आणि पुन्हा बांधायचा.

चांदूर रेल्वेच्या रस्त्यावर एकदा एका नव्या पोराने अंड्याशिवाय ताण ओढला. अंडी संपली होती, उद्या घालतो म्हणाला. वैशाखातली दुपार होती. मी त्याला सगळ्यांसमोर तो ताण सोडायला लावला, अंडे आणायला सायकलवर पाठवले आणि पुन्हा बांधून घेतला. त्याला म्हणालो, "ताणाला मान घासणाऱ्या बैलाले तुही अडचन मालूम नसते." पुढे तो चांगला वायरमन झाला. त्या जानेवारीत तो अकोल्यातच होता, बहिणीच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या कार्यालयात. त्याचा नंबर माझ्याकडे होता.

तार ओढताना पिशवीतून एक अंडे हाती आले. सून चहा घेऊन आली होती. तिने ते काय आहे असे विचारले. हे विजेच्या तारेला लागते, असे मी सांगितले, या तारेत वीज नाही. आणि अंडे परत पिशवीत टाकले.

एप्रिलमध्ये एका दुपारी दीडच्या सुमारास सुनेचा फोन आला. कूलर लावला की टीव्हीचे चित्र फाटते, अशी तक्रार होती. दोन वाजता तिला परीक्षेच्या देखरेखीवर जायचे होते, म्हणून ती घाईत बोलत होती. कूलर कोणत्या खिडकीला लावला, असे मी विचारले. ती म्हणाली, टीव्हीच्या खोलीच्या, दरवर्षी तिथेच लावतो. मग हसून पुढे म्हणाली, "अन् मामाजी, आईले तुमची तार झोंबते म्हनतात. कपडे घालताना हाताले झिनझिन्या येतात. म्या म्हटलं, वय झालं आता, मुंग्या येत असतीन."

कपडे? मी विचारले. तार तर उंच आहे. तेव्हा कळले की होळीच्या आधी सगळ्या गोधड्या धुऊन त्या तारेवर टाकल्या होत्या. ओल्या गोधड्यांच्या भाराने तार झोल धरून हाताशी आली होती, आणि तेव्हापासून रोजचे कपडेही तिच्यावरच होते. तेवढ्यात महाविद्यालयातली घंटा वाजली आणि सुनेने फोन ठेवला.

मी पाण्याचा पेला भरत होतो. तो अर्धा भरला असताना सगळे जागेवर बसले.

कूलर पत्र्याचा. त्याची पाठ अंगणात, तोंड खिडकीत, अंग गजांना टेकलेले. त्या घरात अर्थिंगची तार मीटरपाशीच संपते. कूलरच्या पंपाची वायर पाण्यात असते, पत्र्याच्या धारेवरून जाते. ती कुठेतरी कापली असणार. कूलरच्या अंगात वीज, अंगातून गजांत, गजांतून माझ्या तारेत. पलीकडे लाकडी खांब, त्यामुळे विजेला जायला वाट नाही. ती तारेत उभी आहे. कोणाची तरी वाट पाहत आहे.

कोरड्या अंगणात रबरी चपला घालून उभ्या राहिलेल्या बाईला झिणझिण्याच येतील. पण बहीण उन्हाळ्यात रोज पाचच्या सुमारास अंगणात सडा टाकते. चपला चिखलात माखू नयेत म्हणून त्या उंबऱ्याशी काढून ठेवते. बादली रिकामी झाली की त्याच ओल्या अंगणात अनवाणी उभी राहून वाळलेले कपडे काढते. लहानपणापासून तिचा हाच क्रम आहे. आईचाही होता.

मी तिला फोन लावला. ती फोन देवघराशेजारी ठेवते आणि टीव्हीच्या आवाजात तिला तो ऐकू येत नाही. सुनेचा बंद. भाच्याचा कारखान्यातल्या कपाटात. पिशवी उचलली आणि अडीचची बस धरली.

त्या वायरमनचा नंबर मी लावला नाही. त्याने दहा मिनिटांत जाऊन मीटरजवळचा मेन स्विच पाडला असता. हे मला घरातून निघतानाच कळत होते. पण त्याला कारण सांगावे लागले असते, आणि तार त्याने पाहिली असती. मी स्वतःशी हिशेब करत राहिलो की पाचला सडा, बस पावणेपाचला पोचते, ऑटो मिळाला तर वेळेत जाईन. बडनेरा गेले. खिडकीतून येणारा वारा तोंड भाजत होता. पुढच्या बाकावर एक बाई ओला रुमाल डोक्यावर धरून बसली होती. त्या रुमालाचे पाणी तिच्या मनगटावरून कोपराकडे ओघळत होते. मी दुसरीकडे पाहू लागलो. दर दहा मिनिटांनी बहिणीला फोन लावत होतो. तो वाजत होता आणि आपोआप बंद होत होता.

मूर्तिजापूरला बस थांबली. चालक चहाला उतरला. पंधरा मिनिटे लागतील, असे वाहकाने सांगितले. चार वाजायला आले होते. तिथे, स्टँडच्या सावलीत, मी तो नंबर लावला.

"साहेब, इतक्या दिसानं?" तो म्हणाला. मी त्याला पत्ता सांगितला. मेन पाड, मग घरात जा, आणि अंगणातल्या तारेला हात लावू नकोस. कोणाचे घर, असे त्याने विचारले. माझ्या बहिणीचे, मी म्हणालो. त्याने पुढे काही विचारले नाही. फोन बंद होण्याआधी त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज मला ऐकू आला.

पुन्हा कोणालाही फोन करण्याचे धैर्य मला झाले नाही. अकोला येईपर्यंत फोन हातात होता. तो वाजू नये असे वाटत होते, आणि वाजावा असेही.

पोचलो तेव्हा दार उघडे होते. टीव्ही बंद, पंखा बंद. अंगण ओले होते. उंबऱ्याशी तिच्या चपला होत्या. माणूस दिसेना. मी आवाज दिला.

"इकडं हावो," आतून बहीण म्हणाली. ती स्वयंपाकघरात पदराने वारा घेत बसली होती. मांडीवर कपड्यांचा ढीग. तिचा राग माझ्यावर नव्हता, त्या वायरमनवर होता. एवढ्या उकाड्यात लाइन बंद केली आणि सुरू करायला तयार नाही, म्हणत होती. मी तिला काय काय झाले ते क्रमाने सांगायला लावले. उकाडा फार म्हणून तिने त्या दिवशी सडा लवकर टाकला. बादली रिकामी झाली. कपडे काढायला तारेकडे वळली, तोच कूलर थांबला. तिला वाटले, नेहमीसारखी लाइन गेली. मग तिने बादली भिंतीशी ठेवली, तार डाव्या हाताने धरून खाली ओढली आणि उजव्या हाताने कपडे काढले.

बादली भिंतीशी ठेवायला जितका वेळ लागतो, तितका वेळ मध्ये होता. माझी बस त्या क्षणी मूर्तिजापूरच्या स्टँडवरून जेमतेम निघाली होती.

वायरमन न्हाणीघराच्या आडून अंगणात येऊन उभा राहिला. केस पिकले आहेत त्याचे. त्याने गजांपासून खांबापर्यंत तार नजरेने एकदा नीट पाहिली होती, हे मला त्याच्या उभे राहण्यावरून समजले. कूलरचा मागचा पत्रा त्याने काढून ठेवला होता. पंपाची वायर धारेवर कापून तांबे उघडे पडले होते. मी त्याला मेन चढवायला सांगितले, कोरड्या पाटावर उभा राहिलो आणि टेस्टर तारेला लावला. टेस्टर पेटला. मग मेन पाडायला लावला.

तो मीटरपासून परत तारेखाली आला. त्याने खालच्या आवाजात विचारले.

"साहेब, अंडं?"

"पिशवीत आहे," मी म्हणालो.

त्याने मान खाली घातली. त्याने काही बोलायला हवे होते. माझ्या जागी तो असता, तर मी बोललो असतो.

त्याच संध्याकाळी मी तार सोडली. दुसऱ्या दिवशी अंगणाच्या एका कडेने चर खणून केबल पाइपातून नेली. कूलरची वायर बदलली, मीटरपासून अर्थिंगची तार आत आणली, गळती होताच पडणारा ब्रेकर बसवला. काळी माती पाइपाचे सांधे उकलते. उकलू दे. दर वैशाखात मी जातो आणि सांधे पाहून येतो.

सगळे समजावून सांगितल्यावर बहीण एवढेच म्हणाली, "तुले आधी नाही सुचलं हे?" सुचले होते, असे मी तिला सांगितले. खरे म्हणजे अंडे हातातच आले होते. ती चहा ठेवायला उठली.

कपड्यांसाठी सागाच्या दोन खांबांना नायलॉनची दोरी बांधून दिली. आम्ही लाइनवरची माणसे अनोळखी तारेला आधी हाताची पाठ लावतो. झटका बसला तर मूठ आवळून तार पकडली जात नाही, हात मागे येतो. ही सवय मी तिला तेव्हा शिकवली. आता ती रोज कपडे घालण्याआधी त्या नायलॉनच्या दोरीला हाताची पाठ लावते, क्षणभर थांबते आणि मग दोरी धरते.

दोरीत वीज येत नाही, हे मी तिला सांगितलेले नाही.