सासूसमोर घड्याळ दाबायला शिकले, त्याची गोष्ट

गेल्या रविवारी बीदरला पांढऱ्या केसांच्या एका बाईंसमोर मी टक्कन बुद्धिबळाचं घड्याळ दाबलं... आणि हात अजिबात अडला नाही. एवढं साधं काम शिकायला मला एक वर्ष आणि दोन घड्याळं लागली.

मन्नाएखेळ्ळीत हायवेलगत यांचं स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि मागे आमचं घर. माझं शिक्षण दहावी. बुद्धिबळ शिकवलं ते सासूबाईंनी. मी त्यांना आत्या म्हणते. माहेरी, निर्ण्याला, त्या भावांना हरवत मोठ्या झाल्या. पूजा, स्वयंपाक, मागचं आवरलं की दुपारी आम्ही दोघी पट मांडतो.

गेल्या वर्षी धीर करून बायकांच्या स्पर्धेत नाव दिलं. एका डावाला प्रत्येकीला पंधरा मिनिटं, वर प्रत्येक चालीला दहा सेकंद जादा. पाचपैकी तीन डाव हरले, तिन्ही वेळ संपून... एकात तर माझा अख्खा हत्ती जास्त होता.

कारण सांगायला लाज वाटते. चाल केली की आपल्या बाजूचं बटन दाबायचं, मग आपली वेळ थांबते आणि समोरच्याची सुरू होते, हे मला ठाऊक होतं. पण समोर वयानं मोठी बाई बसली की माझा हात जायचाच नाही. त्यांनी चष्मा सावरावा, चाल नीट बघावी, मग दाबावं... मोठ्यांनी घास घेतल्याशिवाय आपण ताटाला हात लावत नाही, तसंच ते अंगात मुरलेलं.

यंदा ठरवलं, घरी स्वतःचं घड्याळ आणून सराव करायचा. आधी फुकटात मोबाइलवर करून पाहिलं, पण ऐन डावात दुकानातून यांचा फोन यायचा, "दोन चहा पाठव."

बीदरच्या दुकानात तीन प्रकार निघाले. सगळ्यात स्वस्त होतं ते नुसतं उलटे आकडे मोजणारं, चालीमागे सेकंद वाढवायची सोयच नाही. स्पर्धेत जे लागतं ते घरी नसेल तर सराव कशाचा? ते लगेच बाजूला ठेवलं.

उरलेल्या दोन्हींत ती सोय होती, किंमतही सारखीच. एकाची बटनं सपाट, बोट टेकवलं की झालं, आवाज शून्य. दुसऱ्याच्या डोक्यावर आडवी दांडी. आपली बाजू दाबली की समोरची वर येते, आणि टक्क वाजतं. मी बिनआवाजाचं घेतलं... आत्यांच्या तोंडासमोर टकटक नको, एवढंच मनात.

दोन डाव झाले आणि आत्या घड्याळाकडे डोळे बारीक करून बघत बसल्या. "आता कुणाची पाळी हाय गं? ह्यात काय बी कळंना."

मी म्हटलं, ज्याची पाळी त्याच्या बाजूला बारीक दिवा लागतो की.

"दिवा देवापुढं लाव. हे बदलून आण!"

आमच्या कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे म्हणून बरं... दुसऱ्या दिवशी पुन्हा बीदर. दुकानदार भला माणूस, कुरकुर न करता दांडीचं दिलं. मोठे आकडे, दांडी बघूनच पाळी कळते, आणि डाव थांबवायचं बटनही आहे. दूध उतू चाललं की घड्याळ थांबवून उठता येतं. घरच्या खेळाला आणखी काय पाहिजे?

पण हात तोच ना माझा... पहिल्याच डावात चाल केली आणि नेहमीसारखी थांबले.

"कामून थांबलीस?"

"तुमचं बघून होऊ द्या की आत्या."

भडकल्याच त्या. "मी बघायलेय का झोपलेय, तुला काय करायचंय? दाब की! सासू मी स्वयंपाकघरात. हितं मी काळी हाय, अन् काळ्यांना मारायला बसलीस तू!"

दुकानातून हे ओरडले, "काय गं, भांडायलात का दोघी?"

"व्हय, भांडायलाव. तू गिऱ्हाईक बघ!"

त्या दिवसापासून रोज तोच धडा. मी दाबायला विसरले तरी आत्या आठवण करायच्या नाहीत, गप्प बसून माझी मिनिटं वाया जाऊ द्यायच्या आणि शेवटी पदर तोंडाला लावून हसायच्या. महिनाभर रडकुंडीला आले... मग हात आपसूक जायला लागला.

रविवारी यंदाच्या स्पर्धेत चौथ्या फेरीला समोर कोण? गेल्या वर्षी एक हत्ती जास्त असताना ज्यांच्याशी हरले, त्याच पांढऱ्या केसांच्या बाई. रिटायर शिक्षिका, सगळे त्यांना टीचरअक्का म्हणतात. मी खंडोबाचं नाव घेतलं. चाल... टक्क. चाल... टक्क. डाव लांबत गेला. माझं प्यादं वजीर व्हायला एक घर राहिलं तेव्हा माझ्याकडे अर्धं मिनिट उरलं होतं. पण दर टक्कला दहा सेकंद पदरात पडत होते. वजीर झाला, दोन शह दिले... आणि मात!

अक्कांनी हात मिळवला, पण सोडला नाही. "गेल्या वर्षी घड्याळ कामून दाबत नव्हतीस गं?"

तुम्ही मोठ्या, म्हणून... खरं ते सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत.

"मला वाटलं, म्हातारी म्हणून सोडायलीस. ती जीत मी कुणाला सांगितली न्हाई बघ. आजची हार मात्र सगळ्यांना सांगणार."

मी मान द्यायला गेले होते, आणि त्यांची एक जीत बेचव करून आले होते... हे वर्षभरानं कळलं.

पाचात चार जिंकले, दुसरा नंबर आला! घरी येऊन देवापुढे ट्रॉफी ठेवली आणि आत्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणतात, "ऱ्हाऊ दे ते. त्या अक्काला एकदा घरी घेऊन ये, मला खेळायचंय."

देवानं खूप दिलंय. पण सुनेला हरवायला न लाजणारी, आणि सुनेकडून हरायलाही न लाजणारी सासू दिली... त्याचे आभार कसे मानू?