तीन पायऱ्या, उलट्या

खुर्चीतून उठायचं असलं तरी काका आधी उजव्या खांद्यावरून मागे पाहत, मग उठत. टपरीवर चहा पिताना, गेटवर ट्रकची वाट पाहताना, कुठेही. कुणी विचारलं तर म्हणत, "मांगं पाहा, मंग हाला." धंदा मानेत उतरलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काका आम्ही सगळेच त्यांना म्हणायचो; ते फोर्कलिफ्ट, म्हणजे खोकी उचलणारी गाडी, चालवत. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत टाइल्सचं एक गोदाम आहे, तिथे मी डिस्पॅचला कारकून. खोक्यांची थप्पी उंच असली की समोरचं काही दिसत नाही, म्हणून काका अर्धा दिवस गाडी उलटीच चालवत.

मी चोवीस वर्षांचा, ते पंचेचाळिशी ओलांडलेले. पोट सुटलेलं. गाव फुलसावंगी, मुलगी नागपूरला कॉलेजात.

माझ्याकडे एक बीएमएक्स सायकल होती, बुटकी, कसरतींची, जुनीच घेतलेली. जेवणाच्या सुट्टीत मी आवारात एकच गोष्ट शिकत होतो. उलटं जात ऑफिसच्या ओट्यावरून खाली उतरायचं. ऐकायला सोपं आहे. पण सायकल मागे जाते तेव्हा पायडलंही उलटी फिरतात, पायांना त्यांच्या चालीनं फिरावं लागतं. मागचं चाक काठावरून सुटलं की हँडल पोटाशी ओढून दोन्ही चाकं एकदम टेकवायची. पाच महिन्यांत मला ते दहातून एकदा जमू लागलं होतं, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

एके दुपारी काका डबा धुऊन आले. "साहेब, एक चक्कर मारू काय?"

हमाल हसले. मीही हसत सायकल दिली. काका दोनदा पडले, तेव्हा मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

आठवड्याभरात ते गोदामाच्या दारापासून गेटपर्यंत सरळ रेषेत उलटे गेले. तिसऱ्या आठवड्यात ओट्यावरून उतरले. हमाल आता माझ्यासाठी थांबत नसत, काकांसाठी थांबत.

मी सायकल न देण्याची कारणं सांगू लागलो. म्हणालो, "आज पंक्चर आहे." काकांनी अंगठ्यानं चाक दाबून पाहिलं. "पंक्चर नाही साहेब, हवा कमी हाये." आणि कुठूनसा पंप आणून हवा भरली. ती हवा मीच सोडली होती. मग वर मलाच शिकवलं, "तुमी हॅन्डल पाहून राह्यले. हॅन्डल कुठं पयून नाही जात. जिकडं जाचं तिकडं पाहा." मी तसं केलं आणि मला जमलं. त्याचा तर जास्तच राग आला.

ऑफिसच्या दुसऱ्या बाजूला तीन पायऱ्या आहेत. तिथून उलटं उतरण्याची माझी हिंमत कधी झाली नव्हती. एका संध्याकाळी शिफ्ट संपल्यावर काका म्हणाले, "साहेब, आज एक व्हिडिओ काढा. पोरीले धाडतो. थे म्हणते, बाबा, कायच्या बी थापा मारता."

मी मोबाइल धरला. काका वरच्या पडवीवरून उलटे आले, मान खांद्यावर. मागचं चाक सुटलं, पुढचं उचललं, तिन्ही पायऱ्या हवेतच पार झाल्या आणि दोन्ही चाकं खाली एकदम टेकली. एवढं स्वच्छ मी मोबाइलवरच्या पोरांचंही पाहिलं नव्हतं. धापा टाकत ते माझ्याजवळ आले.

"आला काय?"

"नाही काका," मी म्हणालो. "बटण दाबलंच गेलं नाही."

का म्हणालो? विचार करून नाही म्हणालो. तोंडातून गेलं, आणि मग परत घेता आलं नाही.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "आनखी एकदा करू."

दुसऱ्यांदा येताना, नेमकं काठावर, त्यांनी मागे नाही तर माझ्याकडे पाहिलं. "बटन दाबलं न?" तेवढ्यात पायडल चुकलं. ते तळहातावर पडले. उजवं मनगट मोडलं.

मीच त्यांना गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. वाटेत ते मलाच समजावत होते, "घाबरू नका, हाडच हाये." प्लास्टर सुटेपर्यंत ठेकेदारानं दुसरा ऑपरेटर आणला होता. काकांचं काम गेलं, ते गावी निघाले. जाण्याआधी गेटवर आले आणि म्हणाले, "तुमी पायऱ्या करजा, साहेब. तुमाले जमते."

मी केल्या. कशा केल्या ते सांगतो. रोज त्यांचा तो पहिला व्हिडिओ पाहून. हँडल कधी ओढतात, पाय कुठे असतात, थांबवून थांबवून पाहिलं. चार महिने तो माझ्याच मोबाइलमध्ये होता. पायऱ्या जमल्या त्या दिवशी आवारात कुणीच नव्हतं, आणि सांगावं असा एकच माणूस होता.

तेव्हा व्हिडिओ त्यांना पाठवला. खाली लिहिलं, "तेव्हाच निघाला होता. मी खोटं बोललो."

 तिसऱ्या दिवशी त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मागे कोंबड्या ओरडत होत्या. "साहेब, पोरीले धाडला. लय हासली. मनगटाचं जाऊ द्या, जुळलं थे. तुमी आवाज लावून पाहा. शेवटी तुमी बोलले हायेत."

मी तो व्हिडिओ कायम आवाज बंद करून पाहायचो. त्या दिवशी आवाज लावला. चाकं टेकतात, आणि लगेच मीच ओरडतो, "वा काका!" अगदी मनापासून. त्यानंतर ते सायकल वळवून हसत माझ्याकडे येऊ लागतात, आणि तिथे मी व्हिडिओ बंद केला आहे.