गेदराची वाट

माझं माहेर वेंगुर्ल्याचं, बाप दर्यावर जाणारा. सासर बेळगावात, खासबागेत. नवरा मासळी बाजारात बसायचा. माल माझ्या माहेरून आंबोलीच्या घाटानं मोटारीतून यायचा. एका पावसाळ्यात तो स्वतः माल आणायला गेला, घाटात मोटार कलंडली आणि त्याचा पाय मोडला. मी म्हटलं, "आता मी बसते." तर हा अंथरुणातून ओरडला, "आमच्यात बायका बाजारात बसत न्हाईत!" मग खायचं काय, तुमची अब्रू? मी तोंडावर विचारलं. राग माझ्या नाकावरच.

बाजाराचा मुकादम भारी बेरकी. म्हणाला, "बसा की. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ताजा मासा दिसला न्हाय, तर जागा दुसऱ्याला." नवरात्र संपलं की अख्खं गाव मासळीवर तुटून पडायचं ना!

इथल्या माणसांची एक गंमत. नारळी पौर्णिमा उलटली, बेळगावात लख्ख ऊन पडलं, की यांच्या लेखी दर्या उघडला. नवराही त्यातलाच. "ऊन पडलंय, गेदर मागव!" गेदर म्हणजे मांडीएवढा जाड, लाल मांसाचा मासा. अहो, ऊन तुमच्या अंगणात! तिकडं नद्या अजून गढूळ पाणी ओतत होत्या. मी स्वतः माहेरी जाऊन बघून आले. बाप म्हणाला, "पाणी निवळूक व्हया. मतलई सुटलो काय तारली वर येतली, आणि तिच्या पाठसून गेदर." तारली म्हणजे थव्यानं फिरणारी बारकी मासळी, मतलई म्हणजे पहाटे जमिनीकडून सुटणारा वारा. तो काही मुकादमाला विचारून सुटत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या फळीमागं बसले. "काय वैनी, हवा इकताय व्हय?" येणारा-जाणारा टोमणा मारून जायचा. शेजारीण म्हणाली, सुकी मासळी तरी मांड. नाही मांडली, बोली ताज्याची होती. दुपारी मुकादमानं जागा दुसऱ्याला दिली. घरी येऊन मी ढसाढसा रडले, खोटं कशाला सांगू? पण गेदर लागला की लगेच पाठव, हा बापाला धाडलेला निरोप मागं घेतला नाही.

वारा फिरला तसा एका सकाळी मोटारीतून गेदर उतरला, वाटेत टिकावा म्हणून मीठ लावलेला, पण ताजा. आत जागा नव्हती, म्हणून बाजाराच्या दारातच गोणपाट टाकलं, मासा कापला, मिठाच्या पाण्यात रक्त धुतलं. "ह्ये काय, मटान?" "नेऊन तिरफळ घालून करा, मग बोला." दारातच गर्दी झाली. मी कापत होते, हात थांबत नव्हता.

मुकादम धावत आला. "ऊठ! हितं बसायचं न्हाय!"

मी कोयता खाली ठेवणार, तोच मागून काठीचा आवाज आला. नवरा होता. एवढ्या लांब चालत आला होता, चेहरा घामानं निथळत होता.

"ती बसलीया," तो मुकादमाला म्हणाला. "तुमी सरका, गिऱ्हाइकाला वाट द्या."