चालून दाखव

“कुबडी बाजूला ठेव आणि चालून दाखव.”

डॉक्टर मान वर न करता बोलले. शाळेच्या वर्गात दिव्यांग तपासणीचं शिबिर भरलं होतं. दारापर्यंत माणसं उभी होती. त्या सगळ्यांसमोर मी चालले. फळ्यापर्यंत जाताना डाव्या पायानं लंगडले. घाबरले होते. परत येताना उजवा लंगडला.

डॉक्टरांच्या शेजारी नोंदी लिहीत बसलेला बाबू ओरडला, “आँ? पाय बदलला काय वो बाई?”

वर्ग हसला. डॉक्टरही हसले. माझी आई दाराशी होती. ती खाली बघत राहिली.

माझ्या पायाला काही झालेलं नाही. माझ्या रक्तात सिकलसेलचा आजार आहे. आई-बाप दोघांकडून आलेला. हाडं दुखायला लागली की माणूस जमिनीवर लोळतो. रक्त कमी झालं की दवाखान्यात पिशवी लावतात. बाकीचे दिवस मी चालते, हसते, भाकरी टाकते. तेच नडतं. माझा भाऊ प्रकाश याच आजारानं गेला, एकोणिसाव्या वर्षी. सरकार या आजाराला अपंगत्व मानतं, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही. लोक त्याला कामचोर म्हणायचे. त्याच लोकांनी त्याला खांदा दिला. तो राग अजून जात नाही.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर निराधार योजनेचा महिन्याचा पगार सुरू होऊ शकतो. आई साठीला आली, तरी लोकांच्या सोयाबीनमध्ये तण निंदायला जाते. ते थांबावं, एवढीच माझी आस होती.

मागच्या शिबिरात मी फाइल घेऊन गेले होते. रक्ताचा रिपोर्ट, पिशव्या लावल्याच्या चिठ्ठ्या, सगळं नीट लावलेलं. याच डॉक्टरांनी ती उघडलीसुद्धा नाही. “धडधाकट आहेस की,” म्हणाले आणि पुढच्याला बोलावलं.

मग शेजारचे काका म्हणाले, “डॉक्टरले रगत दिसत नाई पोरी, पाय दिसते. माही कुबडी घेऊन जाय.” काकांना लहानपणी पोलिओ झालेला. त्यांनी आठ दिवस अंगणात मला लंगडायला शिकवलं. आई ओट्यावर बसून बघायची. “अजून ओढ पाय,” म्हणायची. लेकीला हे सांगताना तिला काय वाटत होतं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

हसणं थांबल्यावर डॉक्टर म्हणाले, “तुम्हा लोकांना फुकटाची सवयच लागली आहे.”

तुम्हा लोकांना. आधार कार्डावरचं माझं आडनाव त्यांच्या समोरच होतं. आमच्या वस्तीत निळा झेंडा आहे. या शब्दात कोण येतं ते मला चांगलं कळतं.

पळून जावंसं वाटलं. लाज वाटत होती, कारण लंगडणं खोटंच होतं. पण प्रकाश कधी खोटं बोलला नाही. तो दुखतं म्हणाला, आणि कोणी ऐकलं नाही. मी समोरच्या खुर्चीवर बसले. बस म्हणायची वाट पाहिली नाही. फाइल टेबलावर ठेवली.

“लंगडणं खोटं होतं. हा रिपोर्ट खरा हाय. मागच्या खेपेले तुमी तो वाचला नाई, म्हून मी लंगडली.”

“ऊठ ना बाई, लोकं खोळंबून राह्यले,” बाबू म्हणाला.

“आदी वाचा. द्यायचं नसन तर नाई म्हून लिहून द्या. कायले नाई, तेबी लिहा.”

वर्गात कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी फाइल उघडली, दोन पानं वाचली. मग म्हणाले, ही तपासणी इथे होत नाही, जिल्ह्याला जावं लागेल. हे मागच्या वेळीही सांगता आलं असतं. मी म्हटलं, जिल्ह्याला जायचं, तेही लिहा. त्यांनी चार ओळी लिहून सही केली.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, “काहून भांडली वं? आता देतीन काय ते?”

माहीत नाही. अजून काही मिळालेलं नाही. आई आजही निंदायला गेली आहे. मी सकाळपासून पडून आहे, कोपरं सुजली आहेत. जिल्ह्याहून बोलावणं येईल तेव्हा जाईन. दुखत असेल तर आईच्या खांद्यावर हात टाकून जाईन, नसेल तर ताठ चालत जाईन. माझं दुखणं मी कोणाला खेळ करून दाखवणार नाही. आणि माझा आजार त्यांच्या हातानं कागदावर लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही.